प्रौढांचे आणि परदेशप्रवासाचे लसीकरण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात बाळ असले की लसीचे कार्ड कपाटात जपून ठेवले जाते, तारखा पाठ असतात आणि एखादी मात्रा आठवडाभर लांबली तरी आईचा जीव खालीवर होतो. त्याच घरातील साठीच्या आजोबांना शेवटची लस कधी टोचली होती, हे मात्र कोणालाच सांगता येत नाही. मोठ्या माणसांना लसीची आठवण होते ती पायात खिळा घुसल्यावर किंवा परदेशाचे तिकीट हातात आल्यावर. अशा वेळी जे प्रश्न हमखास विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ही माहिती डॉक्टरांना काय विचारायचे ते ठरवण्यासाठी आहे. प्रत्यक्ष निर्णय तुमची प्रकृती पाहूनच घ्यायचा आहे.

लहानपणी सगळ्या लसी घेतल्या होत्या. मोठेपणी पुन्हा कशाला?

कारण "सगळ्या" हा शब्द तुमच्या जन्मवर्षावर अवलंबून आहे. आज चाळिशीत असलेल्या व्यक्तीला लहानपणी क्षयावरची बीसीजी, त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरची), पोलिओ आणि फार तर गोवराची एक मात्रा मिळालेली असते. गोवराची लस राष्ट्रीय कार्यक्रमात १९८५ साली आली, तिची दुसरी मात्रा २०१० नंतर, आणि हिपॅटायटिस बी ची लस देशभर पोहोचायला २०११-१२ उजाडले. गोवर-रुबेलाची मोठी मोहीम महाराष्ट्रात २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये झाली आणि तीही १५ वर्षांखालील मुलांसाठी होती. म्हणजे आजच्या कित्येक प्रौढांनी लहानपणी एकही लस चुकवलेली नसूनही त्यांच्या यादीत मोठ्या जागा रिकाम्या आहेत.

शिवाय घेतलेल्या लसीचे संरक्षणही कायम टिकतेच असे नाही. धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला यांच्याविरुद्धची प्रतिकारशक्ती वर्षागणिक ओसरत जाते. काही आजार तर मुळात उतारवयातच जोर धरतात, त्यामुळे त्यांच्या लसी मोठ्या माणसांसाठीच तयार केलेल्या आहेत.

प्रत्येक जखमेनंतर टीटीचे (धनुर्वाताच्या लसीचे) इंजेक्शन घ्यावे लागते का?

नाही. पत्रा लागला, खरचटले, दुचाकीवरून पडलो, की दवाखान्यात जाऊन "एक टीटी द्या" म्हणणे ही आपल्याकडची जुनी सवय आहे. लहानपणची मालिका पूर्ण असेल आणि शेवटच्या मात्रेला १० वर्षे झालेली नसतील, तर स्वच्छ व किरकोळ जखमेसाठी नवीन मात्रेची गरज नसते. जखम माती, शेण किंवा गंज लागलेली आणि खोल असेल, तर ही मर्यादा ५ वर्षांची धरतात. ज्यांची मूळ मालिकाच झालेली नाही किंवा ज्यांना काहीच आठवत नाही, त्यांना मात्र लस द्यावीच लागते, आणि मोठ्या, घाण जखमेत तिच्याबरोबर तयार प्रतिद्रव्यांचे इंजेक्शनही द्यावे लागते.

आता शासकीय कार्यक्रमात नुसत्या टीटीच्या जागी टीडी ही लस आली आहे, जिच्यात धनुर्वाताबरोबर घटसर्पाचाही अंश असतो. दर १० वर्षांनी एक मात्रा हा साधा नियम लक्षात ठेवावा. त्यातली एक मात्रा डांग्या खोकल्याचा समावेश असलेल्या टीडॅप लसीची असावी. गरोदरपणात ही लस २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान घेतली, तर आईची प्रतिद्रव्ये वारेतून बाळापर्यंत पोहोचतात आणि बाळाला स्वतःची लस मिळेपर्यंतचे पहिले नाजूक आठवडे सुरक्षित जातात.

फ्लूची लस खरोखर उपयोगी आहे का, आणि ती कोणत्या महिन्यात घ्यावी?

ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातील पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि तोंडाला रुमाल बांधलेले शहर अनेकांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. त्या विषाणूचे वंशज आता नेहमीच्या हंगामी फ्लूचाच भाग झाले आहेत. फ्लूचा विषाणू सतत रूप बदलतो, म्हणून लसीतील घटक जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार वर्षातून दोनदा, एकदा उत्तर गोलार्धासाठी आणि एकदा दक्षिण गोलार्धासाठी, नव्याने ठरवले जातात. त्यामुळे ही लस दरवर्षी घ्यावी लागते.

आपल्याकडे पावसाळ्यात फ्लूचे रुग्ण वाढतात आणि थंडीत पुन्हा एक लहान लाट येते. लस घेतल्यापासून संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून मृगाच्या सरींआधी, मे महिन्यात ती घेतलेली बरी. ज्येष्ठ नागरिक, गर्भवती, दमा, मधुमेह, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेले आणि दवाखान्यात काम करणारे यांनी ती टाळू नये. नेहमी टोचली जाणारी लस मृत विषाणूंची असल्याने तिच्यामुळे फ्लू होऊ शकत नाही. एक-दोन दिवसांची कणकण हा शरीराचा प्रतिसाद असतो.

न्यूमोनियाची लस एकदाच घ्यायची असते का?

ते कोणती लस मिळते यावर ठरते. न्यूमोकॉकस या जिवाणूचे अनेक उपप्रकार आहेत. २० उपप्रकारांची संयुग्मित (जिवाणूच्या आवरणाचा अंश प्रथिनाला जोडून केलेली) लस घेतल्यास बहुतेक प्रौढांना एक मात्रा पुरते. १३ उपप्रकारांची घेतल्यास साधारण वर्षभराने २३ उपप्रकारांच्या लसीची मात्रा जोडतात. ६५ वर्षांवरील सर्वांनी, आणि त्याआधीही मधुमेह, फुप्फुसाचे जुने दुखणे, यकृताचा विकार किंवा धूम्रपानाची सवय असणाऱ्यांनी याविषयी विचारावे. अपघातात किंवा शस्त्रक्रियेत प्लीहा (स्प्लीन) काढलेल्या माणसाला तर ही लस आणि मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या दाहाची, लस अत्यावश्यक आहे, आणि हे त्याला रुग्णालयातून घरी सोडतानाच सांगितले जायला हवे.

नागिणीवर लस आहे हे खरे आहे का?

खरे आहे. नागीण म्हणजे लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचाच विषाणू. तो मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो आणि वय वाढले किंवा प्रतिकारशक्ती खालावली की पुन्हा डोके वर काढतो. नागिणीची दोन तोंडे कमरेभोवती जुळली की माणूस दगावतो, अशी समजूत अजून अनेक घरांत आहे. पुरळ एका मज्जातंतूच्या पट्ट्यातच उठते, त्यामुळे ते सहसा शरीराच्या एकाच बाजूला राहते आणि मधली रेषा ओलांडत नाही. त्यामुळे ही भीती निराधार आहे. खरी भीती वेगळी आहे. पुरळ सुकल्यावरही कित्येकांना महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे आग होत राहते, सदऱ्याचा स्पर्शही सहन होत नाही. भारतात २०२३ पासून ५० वर्षांवरील प्रौढांसाठी नागिणीची पुनःसंयोजित (जिवंत विषाणू नसलेली, प्रयोगशाळेत बनवलेल्या प्रथिनाची) लस मिळते. तिच्या दोन मात्रा २ ते ६ महिन्यांच्या अंतराने घेतात. ती महाग आहे आणि दंड एक-दोन दिवस बऱ्यापैकी दुखतो, तरीही ज्यांनी आईवडिलांची ती वेदना पाहिली आहे, त्यांना हा खर्च पटतो.

हिपॅटायटिस बी आणि एचपीव्ही या लसी मोठेपणी घेता येतात का?

घेता येतात. हिपॅटायटिस बी च्या तीन मात्रा ०, १ आणि ६ महिन्यांनी घेतात. डायलिसिसवर असलेल्यांना दर वेळी जास्त प्रमाणात लस लागते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचाव करणारी एचपीव्ही लस लैंगिक संबंध सुरू होण्याआधी घेतल्यास सर्वाधिक उपयोगी पडते, पण २६ वर्षांपर्यंत ती घेण्यास उशीर झाला असे मानत नाहीत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक या लसीला २०२२ साली भारतात परवाना मिळाला. लस घेतली तरी तिशीनंतरची गर्भाशयमुखाची तपासणी चुकवू नये.

परदेशी जाताना ज्या लसीची सक्ती आहे तेवढीच घेतली तर चालते ना?

परदेशप्रवासाच्या लसींबाबत सर्वांत जास्त गैरसमज याच प्रश्नात दडलेला आहे. सक्ती आणि गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादा देश एखाद्या लसीची अट घालतो ती स्वतःच्या नागरिकांना तुमच्यापासून वाचवण्यासाठी. तुम्हाला त्या देशातील आजारांपासून वाचवणे हा त्या अटीचा हेतू नसतो. म्हणूनच टायफॉइड, हिपॅटायटिस ए किंवा रेबीजची लस घेतली का, हे तुम्हाला कोणत्याही विमानतळावर कोणी विचारणार नाही. प्रवास कंपनी कागदपत्रांची यादी देते, ती कागदपत्रांचीच असते. तुमच्या प्रकृतीची, तुम्ही कुठे राहणार, काय खाणार, किती दिवस थांबणार याची यादी तुम्हाला डॉक्टरांबरोबर बसूनच करावी लागेल.

आम्ही केनियाला सफारीसाठी जाणार आहोत. पीतज्वराची लस आवश्यक आहे का?

आवश्यक आहे, आणि तिचा दाखला बहुधा जातानापेक्षा परत येताना अधिक लागेल. पीतज्वर म्हणजे यलो फिव्हर हा आफ्रिकेच्या व दक्षिण अमेरिकेच्या अनेक देशांत आढळणारा, डासांमुळे पसरणारा गंभीर आजार आहे. भारतात तो नाही, पण त्याचा प्रसार करणारा एडिस इजिप्टाय हा डास, ज्याच्यामुळे आपल्याला डेंग्यू होतो, आपल्या कुंड्यांत आणि कूलरमध्ये भरपूर आहे. एक रुग्ण आला तरी ठिणगी पडू शकते. त्यामुळे भारत या बाबतीत फार कडक आहे. पीतज्वरग्रस्त देशातून वैध प्रमाणपत्राशिवाय परतलेल्या प्रवाशाला, तो भारतीय नागरिक असला तरी, ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. संसर्गानंतर लक्षणे दिसायला लागणारा काळ साधारण तेवढाच असतो.

ही लस फक्त शासनमान्य केंद्रांवर मिळते. मुंबईत बंदर आरोग्य संघटना आणि विमानतळ आरोग्य संघटना यांच्याकडे, तर गोव्यात मुरगाव येथील बंदर आरोग्य संघटनेकडे ती घेता येते. बोटीवर नोकरी करणाऱ्या गोव्याच्या आणि कोकणातील खलाशांना ही कार्यालये पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेत. एका कुपीत अनेक जणांच्या मात्रा असतात आणि कुपी उघडली की ती थोड्याच वेळात वापरून संपवावी लागते, म्हणून केंद्रे ठरावीक वारीच लस देतात आणि आधी नाव नोंदवावे लागते. सोबत मूळ पारपत्र न्यावे.

लस घेतल्यानंतर मिळणाऱ्या पिवळ्या पुस्तिकेतील प्रमाणपत्र १० दिवसांनी वैध होते. म्हणजे शुक्रवारच्या विमानासाठी बुधवारी लस घेणे कागदोपत्रीही उपयोगाचे नाही आणि शरीरासाठीही नाही. पूर्वी दर १० वर्षांनी मात्रा घ्यावी लागे. ११ जुलै २०१६ पासून आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार एकच मात्रा आयुष्यभरासाठी ग्राह्य धरली जाते आणि त्याआधी दिलेली प्रमाणपत्रेही आजन्म वैध मानली जातात. जुनी पुस्तिका कालबाह्य झाली म्हणून टाकून देऊ नका. पुस्तिकेतील नावाचे स्पेलिंग, जन्मतारीख आणि पारपत्र क्रमांक केंद्रावरच ताडून पाहावेत. घरी आल्यावर लक्षात आलेली चूक दुरुस्त करायला दुसरा दिवस मोडतो.

आमचे विमान इथिओपियातील अदिस अबाबाला फक्त बदलायचे आहे. तरीही पीतज्वराची लस लागेल?

विमान बदलणाऱ्या प्रवाशांनाही भारताचा नियम लागू होऊ शकतो. संपूर्ण मुक्काम विमानतळाच्या आवारातच झाला असेल आणि येथील आरोग्य अधिकाऱ्याने ते मान्य केले, तर सूट मिळते. विमान चुकले, रद्द झाले आणि कंपनीने शहरातील हॉटेलात पाठवले, तर ही सूट संपते. शिवाय अशा देशात १२ तासांहून अधिक थांबलेल्या प्रवाशाकडे पुढचा देशही प्रमाणपत्र मागू शकतो. आमचे मत असे की आफ्रिकेतून प्रवास असेल आणि प्रकृतीची अडचण नसेल, तर लस घेऊन मोकळे व्हावे.

पीतज्वराची लस कोणी घेऊ नये?

तिच्यात जिवंत, पण दुर्बल केलेले विषाणू असतात आणि ती कोंबडीच्या अंड्यात वाढवली जाते. त्यामुळे अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले, थायमस ग्रंथीचा विकार असलेले, केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे आणि ६ महिन्यांखालील बाळे यांना ती देत नाहीत. ६ ते ९ महिन्यांच्या बाळांना आणि गर्भवती व स्तनदा मातांना ती सहसा टाळतात. साठीनंतर पहिल्यांदाच घेणाऱ्यांमध्ये गंभीर दुष्परिणामांची शक्यता थोडी वाढते, म्हणून त्यांनी केंद्रावर जाण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. ज्यांना लस देता येत नाही त्यांना वैद्यकीय सवलतीचे पत्र मिळते, पण ते मान्य करायचे की नाही हे समोरच्या देशावर असते आणि ते पत्र डासाला अडवत नाही. अशा व्यक्तीने प्रवासाचे ठिकाणच बदलण्याचा विचार करावा.

हज किंवा उमराहसाठी कोणती लस लागते?

मेनिंजायटिसची ए, सी, वाय आणि डब्ल्यू-१३५ या चार प्रकारांवरची लस सक्तीची आहे. २००० सालच्या हजनंतर डब्ल्यू-१३५ या प्रकाराची साथ यात्रेकरूंबरोबर अनेक देशांत पोहोचली होती. त्यानंतर सौदी अरेबियाने चतुर्गुणी लसीची अट घातली. ती पोहोचण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. जुन्या पद्धतीच्या लसीचा दाखला ३ वर्षे आणि संयुग्मित लसीचा ५ वर्षे चालतो, म्हणून दाखल्यावर लसीचा प्रकार स्पष्ट लिहून घ्यावा. भारतातून जाणाऱ्यांना पोलिओचे तोंडावाटे द्यायचे थेंबही दिले जातात. ज्येष्ठ यात्रेकरूंनी यांच्या जोडीला फ्लूची आणि न्यूमोनियाची लस घ्यावी, कारण लाखोंच्या गर्दीत खोकला कोणालाच चुकत नाही.

मुलगी उच्चशिक्षणासाठी अमेरिकेला चालली आहे. विद्यापीठाने लसींचा अर्ज पाठवला आहे. काय करावे?

अर्ज आला त्या आठवड्यातच कामाला लागावे. बहुतेक विद्यापीठे गोवर, गालगुंड आणि रुबेला यांवरील एमएमआर लसीच्या दोन मात्रांचा पुरावा मागतात आणि त्यांत किमान २८ दिवसांचे अंतर लागते. त्याखेरीज मेनिंजायटिस, हिपॅटायटिस बी, कांजिण्या आणि टीडॅप यांची मागणी विद्यापीठागणिक बदलते. आईने जपून ठेवलेले बाळपणीचे कार्ड सापडले तर उत्तमच. डॉक्टरांकडून त्याची इंग्रजीत नोंद करून घ्यावी. ते नसेल तर रक्तातील प्रतिद्रव्यांची तपासणी अनेक ठिकाणी चालते, किंवा सरळ लस पुन्हा घेतली तरी अपाय नसतो.

क्षयाच्या तपासणीत आपल्या मुलांची अडचण होते. बीसीजी घेतलेली असल्यामुळे कोपराखाली हातावर करायची मॉन्टू ही त्वचेची चाचणी क्षय नसतानाही सकारात्मक येऊ शकते. इग्रा या रक्तचाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही, म्हणून ती चालते का हे विद्यापीठाला विचारावे. एमएमआर घेतल्यानंतर काही आठवडे क्षयाची चाचणी खोटी नकारात्मक येण्याची शक्यता असते. दोन्ही एकाच दिवशी करावे किंवा लसीनंतर ४ आठवडे थांबावे. ऑगस्टमध्ये निघायचे असेल तर हे सगळे एप्रिल-मेमध्ये सुरू करावे.

आम्ही परदेशात राहतो आणि सुटीत मुलांना घेऊन आजीकडे येतो. आपल्याच घरी येताना लस कशाला?

हा प्रश्न प्रेमापोटी येतो आणि त्यातच धोका असतो. हॉटेलात उतरणारा पर्यटक बाटलीचे पाणी पितो आणि दहा दिवसांत परततो. तुमची मुले मात्र आजीच्या माठातले पाणी पिणार, लग्नाच्या पंगतीत जेवणार, बर्फाचा गोळा खाणार आणि सहा आठवडे राहणार. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये आढळणाऱ्या टायफॉइडच्या रुग्णांपैकी बहुतांश दक्षिण आशियात जाऊन आलेले असतात. तेथे जन्मलेल्या मुलांच्या शरीराला या जंतूंची ओळखच नसते, आणि वीस वर्षे बाहेर राहिलेल्या आईवडिलांची जुनी प्रतिकारशक्तीही टिकून असेल असे धरून चालता येत नाही.

टायफॉइडची संयुग्मित लस ६ महिन्यांच्या बाळापासून देता येते. जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळालेली या प्रकारची पहिली लस हैदराबादच्या भारत बायोटेकची आहे. तिची एक मात्रा पुरते. पॅराटायफॉइडवर ती काम करत नाही, तेव्हा उघड्यावरचे पाणी टाळावेच लागते. हिपॅटायटिस ए च्या निष्क्रिय लसीच्या दोन मात्रांत किमान ६ महिन्यांचे अंतर असते, पण पहिली मात्रा या प्रवासापुरते चांगले संरक्षण देते. ही कावीळ लहान मुलांत बहुधा न कळत निघून जाते आणि प्रौढांत महिनाभर अंथरुणाला खिळवते. भारतात वाढलेल्या पन्नाशीतील बहुतेकांना ती लहानपणी होऊन गेलेली असते, त्यामुळे त्यांनी आधी प्रतिद्रव्ये तपासली तर लसीचा खर्च वाचू शकतो.

रेबीजची लस कुत्रा चावण्याआधी घ्यावी का?

दुर्गम भागात गिर्यारोहण, प्राण्यांशी संबंधित काम किंवा लहान मुलांसह दीर्घ मुक्काम असेल, तर जरूर विचार करावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशीनुसार ० आणि ७ या दिवशी दोन मात्रा पुरतात. भारतात २१ व्या किंवा २८ व्या दिवशी तिसरी मात्रा देण्याचीही पद्धत आहे. आधी लस घेतलेल्याला चावल्यानंतर दोनच मात्रा लागतात आणि जखमेत भरायचे इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिद्रव्ये, लागत नाही. अनेक देशांतील लहान गावांत ते मिळतच नाही, म्हणून हा फायदा मोठा आहे.

लस घेतलेली असो वा नसो, चावा किंवा ओरखडा झाल्यावर जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवावी. मिरची, चुना, हळद यांपैकी काहीही जखमेत भरू नये. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचा काळ केव्हाच संपला आहे. आता ती दंडात देतात आणि संख्याही थोडी असते. एकदा लक्षणे दिसू लागली की हा आजार जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो, तेव्हा "परतल्यावर बघू" असे या बाबतीत म्हणू नये.

जायला दहाच दिवस उरले आहेत. आता काही उपयोग आहे का?

आहे. आदर्श वेळ निघण्याआधी ४ ते ६ आठवडे ही खरी, पण टायफॉइड, हिपॅटायटिस ए, फ्लू, टीडी आणि मेनिंजायटिस यांच्या मात्रा उशिरा घेतल्या तरी काही ना काही संरक्षण देतात. बहुतेक लसी एकाच दिवशी वेगवेगळ्या जागी टोचता येतात. जिवंत विषाणूंच्या दोन लसी मात्र एकाच दिवशी घ्याव्यात, नाहीतर त्यांच्यात २८ दिवसांचे अंतर ठेवावे. दररोज २० मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दोन आठवडे घेतले असेल, तर अशा लसी काही काळ लांबवाव्या लागतात. गरोदरपणात एमएमआर आणि कांजिण्यांची लस देत नाहीत. साधी सर्दी हे लस टाळण्याचे कारण नाही. टोचल्यानंतर १५ ते ३० मिनिटे केंद्रावर बसून राहावे, कारण तीव्र ॲलर्जी क्वचितच होते, पण झाली तर ती बहुधा याच वेळात होते.

मलेरियाची लस प्रवाशांना मिळते का?

नाही. आफ्रिकेतील मुलांसाठी लसी आल्या आहेत, पण प्रवाशांसाठी गोळ्याच आहेत. कोणती गोळी, किती दिवस आधी सुरू करायची आणि परतल्यावर किती दिवस चालू ठेवायची, हे औषधानुसार बदलते. परतल्यावर बरे वाटते म्हणून गोळ्या मध्येच सोडणे ही सर्वांत नेहमीची चूक आहे.

सगळ्या लसी घेतल्या होत्या, तरी परत आल्यावर ताप आला. आता?

त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि लक्षणांच्याही आधी कोणत्या देशात, कोणत्या तारखांना होतो हे सांगावे. पावसाळ्यात मुंबई-पुण्यात तापाचे रुग्ण इतके असतात की न सांगितल्यास प्रवासाचा विचार सुचणार नाही. आफ्रिकेतून आलेल्याचा ताप हा तपासणीने नाकारला जाईपर्यंत मलेरियाच समजावा, कारण फाल्सिपेरम प्रकाराचा मलेरिया एका-दोन दिवसांत मेंदूपर्यंत जाऊ शकतो. पहिली रक्ततपासणी नकारात्मक आली आणि ताप चालूच राहिला, तर ती पुन्हा करायला सांगावी. मुक्काम संपून दोन-तीन महिने झाले असले, तरी तो सांगायचा राहू देऊ नये.